पन्हाळ्याचा अंबरखाना: आई-बाबांना दाखवायचाय, आणि तिथल्या भिंतींसाठी आपण काही करू शकतो का?

पायवाट_आणि_पाऊस

नमस्कार. दोन गोष्टी एकत्रच विचारतोय कारण दोन्ही पन्हाळ्याबद्दलच आहेत.

पहिली साधी. आई-बाबांना घेऊन जायचंय. बाबांचे गुडघे दुखतात त्यामुळे चढायचा कुठलाही गड बाद, पन्हाळ्यावर गाडी वरपर्यंत जाते म्हणून तोच ठरवला. अंबरखाना (धान्याची जुनी कोठारं), सज्जाकोठी, तीन दरवाजा आणि अंधारबाव एवढं तरी त्यांनी घाई न करता बघावं अशी फार इच्छा आहे, बाबांनी आयुष्यभर पन्हाळ्याचा वेढा नुसता वाचलाय, गड पाहिलेला नाही. कुठून सुरुवात करावी, कुठे पायऱ्या जास्त, कोणत्या महिन्यात जावं, जाणकारांनी सांगा.

दुसरी गोष्ट बरेच दिवस मनात घोळतेय. मागे मी गेलो होतो तेव्हा अंबरखान्याच्या गंगा कोठीत आत शिरल्या शिरल्या एकदम थंड वाटलं, वरच्या भोकांमधून उजेडाचे झोत खाली पडलेले, आणि मग डोळे सरावल्यावर भिंती दिसल्या. किल्लीने, दगडाने कोरलेली नावं, बदाम, तारखा. गिलावा कुठे कुठे सुटलेला. बाहेर भिंतीच्या फटींतून पिंपळाची रोपं आलेली. खूप वाईट वाटलं. ऑफिसात सांगितलं तर आमचा पंधरा-वीस जणांचा ग्रुप लगेच तयार झाला की एक रविवार जाऊन श्रमदान करू. एकाच्या ओळखीने सिमेंटच्या गोण्या फुकट मिळतायत, एकजण तारेचे ब्रश आणतो म्हणाला, रोपं उपटून टाकायची, नावं घासून काढायची, सुटलेले दगड बसवून फटी भरायच्या असा बेत आहे. हे असं जाऊन केलं तर चालतं का? कोणाला विचारावं लागतं? आणि मुळात हे बरोबर आहे का?

चुना_सुरखी

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते जास्त तातडीचं आहे. सिमेंट घेऊन गडावर जाऊ नका. तारेचा ब्रश नको आणि रोपं उपटणंही नको. तुमच्या ग्रुपची तळमळ खरी आहे आणि अशी माणसं हवीच आहेत, पण मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत, तेही मुख्यतः चुन्याच्या कामात आहे, आणि प्रेमापोटी केलेलं सिमेंटचं काम नंतर काढायला गेलं की त्याच्याबरोबर मूळ दगडाची कड तुटून हातात येते, हे मी पुन्हा पुन्हा बघतोय.

कायद्याचं थोडक्यात. पन्हाळा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. १९५८ चा जो कायदा आहे त्यात संरक्षित वास्तूची मोडतोड, फेरफार किंवा विद्रूपीकरण हा गुन्हा आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. चांगल्या हेतूने केलेला फेरफार हा सुद्धा फेरफारच धरला जातो. त्यामुळे दुरुस्ती तर लांबच, हत्यारं घेऊन साफसफाई करायची असली तरी आधी लेखी परवानगी.

पण कायदा बाजूला ठेवू, कारण समजून घेतलं तर मनापासून पटेल. ह्या भिंती अशा असतात की बाहेरून घडलेला दगड, पोटात लहानमोठे दगड आणि चुना. पन्हाळ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि पुढचे आठ महिने हळूहळू सोडते. ते पाणी बाहेर कुठून पडतं तर दोन दगडांच्या मधल्या चुन्यातून. चुना मऊ असतो, त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, भिंत थोडी हलली-फुगली तर तो सांभाळून घेतो, आणि झीज व्हायची ती आधी त्याची होते, दगडाची नाही. काही वर्षांनी दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, पुन्हा भरल्या की झालं. जुन्या लोकांनी हे समजूनउमजून केलेलं होतं. आता त्याच फटीत सिमेंट भरलं की काय होतं, ते कडक असतं आणि पाणी अडवतं. मग आतली ओल दगडातून वाट काढते. पाण्याबरोबर क्षार येतात, दगडाच्या कातडीखाली त्यांचे स्फटिक बनतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. पाच-दहा वर्षांनी बघाल तर सिमेंटची रेघ जशीच्या तशी उभी आणि आजूबाजूचा दगड खाल्लेला. ज्याला वाचवायचं होतं तेच गेलं. गावोगावच्या जुन्या देवळांच्या ओवऱ्यांना, बारवांना हेच झालंय, एकदा बघायची नजर आली की सगळीकडे दिसायला लागतं.

मग चुन्याने का नाही करायचं एका रविवारी, असंही विचाराल. चुन्याला वेळ लागतो. चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विझवायची, ती भिजत मुरू द्यायची, मग वाळू आणि सुरखी म्हणजे विटेची पूड घालून चुन्याच्या घाण्यात मळायची, कुठे कुठे गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालतात, ते प्रमाण त्या त्या ठिकाणच्या जुन्या चुन्याचा नमुना तपासून ठरवायचं. भरल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, त्याला आठवडेच्या आठवडे लागतात आणि तोपर्यंत गोणपाट ओलं करून झाकून ठेवावं लागतं, ऊन लागलं तर भेगा पडतात आणि मोठा पाऊस झाला तर सगळं धुऊन जातं. म्हणून हे काम पावसाळा संपल्यावर सुरू होतं आणि त्यासाठी रोज तिथे असणारा गवंडी लागतो.

रोपांचं. पिंपळ, वड, उंबर ही मंडळी वर बोटाएवढी दिसतात आणि आत चुन्यातून हातभर गेलेली असतात. ओढून काढलं तर मूळ दगड हलवतं, आतला चुना बाहेर येतो आणि पोकळी राहते, पुढच्या पावसात पाणी थेट भिंतीच्या पोटात. नुसतं वरून छाटलं तर दुप्पट जोराने फुटतं. बुंध्याशी कापून, त्या खुंटाला औषध देऊन मूळ आतल्या आत मारायचं आणि मग ती फट चुन्याने बंद करायची ही पद्धत आहे. माहितीची माणसंच लागतात याला.

आणि ती कोरलेली नावं. घासून जात नाहीत. गिलावा पातळ असतो, नाव काढायचं म्हणजे नावाच्या खोलीएवढा आजूबाजूचा सगळा गिलावा काढायचा. गंगा कोठीच्या पूर्वेच्या दारापाशी विजापुरी धाटणीचं गिलाव्याचं काम आहे, ते इतकं नाजूक आहे की तिथे तारेचा ब्रश या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. भिंतीवरचं काळं शेवाळ सुद्धा लोकांना घाण वाटतं, पण ते खरवडताना दगडाची टणक झालेली वरची पातळ थर निघून जाते आणि आतला कच्चा दगड उघडा पडतो. काढायचंच असेल तर मऊ ब्रश आणि साधं पाणी, तेही खात्याच्या माणसासमोर.

अंबरखान्याचा खरा शत्रू पाणी आहे. त्याच्या बांधणीकडे नीट बघा, गंगा कोठी सगळ्यात मोठी, जवळजवळ ९५० चौरस मीटर आणि १०.७ मीटर उंच. सोळा खण, प्रत्येकाला आपली चपटी कमान आणि माथ्यावर भोक. धान्य खालून आत न्यायचं नाही, बाजूच्या जिन्याने माथ्यावर न्यायचं आणि त्या भोकांतून ओतायचं. तुम्ही जे उजेडाचे झोत बघितलेत ती धान्याची वाट आहे. म्हणजे माथा हा ह्या इमारतीत कामाची जागा होती, रोज वावर होता, त्यामुळे कुठे भेग पडली तर लगेच कोणाच्या तरी लक्षात यायचं. आता कोठार वापरात नाही. माथ्यावर माती साचली, गवत आलं, पाणी जायच्या वाटा तुंबल्या की ते पाणी चपट्या कमानीवर बसून राहतं. कमान चपटी असल्यामुळे तिला ओल आणि मुळं जास्त बाधतात. म्हणून अशा इमारतीत भिंतीवरच्या नावांपेक्षा मी आधी माथा बघतो.

पन्हाळकर_पोरगं

गडावरच ऱ्हातो म्हणून पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो.

कोल्हापुरातनं रत्नागिरी रोडनं निघायचं, वाघबिळापाशी मेन रोड सोडून वर यायचं, वीस-बावीस किलोमीटर होतंय सगळं. ऑक्टोबरच्या शेवटापास्नं फेब्रुवारीपर्यंत या, आई-बाबांना हवा पण सोसंल. जुलै-ऑगस्टात गड लई देखणा दिसतो पण धुकं असं उतरतंय की अंबरखान्यासमोर उभं राहून अंबरखाना दिसत न्हाई, आणि दगडावर शेवाळ असतंय, गुडघ्याच्या माणसाला नको ते. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. सकाळी लवकर या, दहाच्या आत निम्मं बघून होतंय.

सज्जाकोठी आधी करा. गाडी जवळपर्यंत जाते. वरच्या मजल्याला जायचा जिना अरुंद हाय, बाबांना जमलं तर बघा, न्हाई जमलं तर खालनंबी दरीकडची बाजू दिसते. वर गेलात तर घुमटाच्या खालची नक्षी बघायला विसरू नका, सगळी लोकं सज्जात फोटो काढून परत फिरतात. संभाजी महाराज दिलेरखानाकडनं परत आल्यावर १६८० च्या सुरुवातीला थोरल्या महाराजांची आणि त्यांची भेट याच गडावर झाली, आणि एप्रिलात महाराज गेले तवा शंभूराजे हितंच होते. एवढं बाबांना सांगा तिथं उभं करून.

मग अंबरखाना. हे सगळ्यात सोपं, सपाटीला हाय, गाडीतनं उतरलं की समोर. तिन्ही कोठ्या बघा, गंगा बघून लोक निघून जातात, यमुना आणि सरस्वतीकडं कोण जातच न्हाई. माथ्यावरच्या जिन्याला बाबांना लावू नका, आणि तुमीबी वर जाऊ नका, वरची भोकं उघडी असतात आणि वर बोललेत तसं माथ्यावर माणसं नाचणं त्या कमानीला बरं न्हाई.

तीन दरवाजा आणि अंधारबाव शेजारी शेजारी. दुपारचं जेवण करून आलात तरी चालंल, दरवाज्यात सावली असते. ह्यो नुसता दरवाजा न्हाई, दोन दरवाज्यांच्या मधी चौक हाय, शत्रू पहिला दरवाजा फोडून आत आला तरी चौकात अडकायचा. आतल्या दरवाज्यावरची नक्षी आणि फार्सी शिलालेख बघा. अंधारबाव तीन मजली, तळाला पाणी, मधी सैनिकांना बसायला कोनाडे, बाहेर पडायला चोरवाट. पाण्यात शत्रूनं काय कालवू नये म्हणून विहिरीवरच इमारत बांधून टाकली. पायऱ्या अंधाऱ्या आणि ओल्या असतात, बाबांना वरच्याच मजल्यावर थांबवा, बॅटरी घेऊन या.

आता दुसऱ्या गोष्टीवर थोडं. बाहेरची मंडळी गड म्हटलं की मोकळं पठार समजतात. पन्हाळा हे गाव हाय. नगरपरिषद हाय, घरं हायत, ताराराणींच्या वाड्यात शाळा भरते. २०२५ च्या जुलैत बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले त्यात पन्हाळा आला, लई आनंद झाला, पण त्याच्या आधीपास्नं गडावरच्या लोकांच्या मनात धाकधूकबी हाय. संरक्षित हद्दीपास्नं १०० मीटरात नवं बांधकाम न्हाई, त्याच्या पुढं आणखी २०० मीटर परवानगीनं. घराची कौलं बदलायची, भिंत दुरुस्त करायची तरी अर्ज. नियम का हाय ते आमाला कळतंय, हाटेलांची गर्दी झाली तर गड ऱ्हाणारच न्हाई. पण जपणूक जपणूक म्हणताना हितं पिढ्यान्‌पिढ्या ऱ्हाणाऱ्या माणसाला बाजूला सारू नका एवढंच म्हणणं हाय. आमच्या आज्ज्याला कुठली बाव कवा आटते, कुठल्या तटाला पावसात पाणी फुटतंय हे तोंडपाठ होतं. ती माहिती कुठं लिहून ठिवलेली न्हाई. श्रमदानाला येणाऱ्यांनी आधी दोन म्हाताऱ्या माणसांशी बोलावं असं वाटतंय.

फळा_आणि_खडू

मी शिक्षिका आहे, सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन पन्हाळ्याला जाते, त्यामुळे नावं कोरण्याच्या विषयावर मला बोलायचंच आहे.

आम्ही निघायच्या आधी वर्गात अंबरखान्याचं गणित करतो. गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. एक खंडी म्हणजे वीस मण. मुलं गुणाकार करतात, पाच लाख मण, आणि मग मी विचारते की गडावर इतकी माणसं असतील आणि माणशी रोज इतकं लागत असेल तर किती दिवस पुरेल, आकडे त्यांनीच धरायचे. मग सिद्दी जौहरच्या वेढ्याकडे येतो. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखान, २८ नोव्हेंबरला पन्हाळा स्वराज्यात, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, आणि १६६० च्या मार्चमध्ये वेढा. राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आलेले. बाहेरून कुमक पोचत नाही, उन्हाळा गेला, पाऊस सुरू झाला, जौहर हलत नाही. जुलैच्या त्या रात्री महाराज राजदिंडीच्या आडवाटेने बाहेर पडले, पुढे शिवा काशीद, बाजीप्रभू, हे मुलांना पाठ असतं. पण तोपर्यंतचे चार महिने गड कशावर तगला हे त्यांना कोणी विचारलेलं नसतं. तांदूळ, नाचणी, वरी. ह्या कोठारावर. शौर्याच्या गोष्टीत कोठार येत नाही म्हणून मुलांना ती एक रिकामी खोली वाटते, आणि रिकाम्या खोलीच्या भिंतीवर लिहायला हात धजावतो.

गणित करून आलेली मुलं कोठीत शिरली की आपोआप वर बघतात, भोकं मोजतात, आपापसात भांडतात की इथून किती पोती पडत असतील. भिंतीकडे हात जात नाही. मी "हात लावू नका" हे वाक्य आता जवळजवळ म्हणतच नाही. शिक्षेची भीती सांगून बघितली होती, त्याचा परिणाम मोठी माणसं समोर असेपर्यंतच टिकतो.

पायवाट दादा, तुमच्या ग्रुपमध्ये पंधरा-वीस जण आहेत ना, तर त्यांनी रविवारी गंगा कोठीच्या दारात उभं राहून येणाऱ्या कुटुंबांना एवढंच पाच मिनिटं सांगितलं तरी मला वाटतं मोठं काम होईल. गर्दीच्या दिवशी किती लोक काहीच न समजता आत जाऊन बाहेर येतात. त्यांना सांगणारं कोणी भेटत नाही.

तटबंदी_जिंदाबाद

सगळ्यांचं वाचलं, आदर आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. हात लावू नका, परवानगी घ्या, तज्ज्ञ येतील, हे ऐकत ऐकत आमची पिढी म्हातारी व्हायला आली आणि दरवर्षी कुठला ना कुठला बुरूज ढासळतोय. राजस्थानातले किल्ले बघा, कसे उभे आहेत, माणूस आत गेला की राजा कसा राहत होता ते दिसतं. आमच्या गडांवर चौथरे दाखवून "इथे वाडा होता" म्हणायचं. माझं म्हणणं, चुन्याने करा, दगडाने करा, पण बांधा. पन्हाळ्याचा चार दरवाजा पुन्हा उभा करा, पूर्वी होता तसा. पोरांना डोळ्यांनी दिसू दे. नुसती पडझड जपून काय मिळणार?

चुना_सुरखी

तटबंदी साहेब, तुमचा राग बरोबर जागी आहे, वेळ फार जातो हे खरंय. पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत.

ढासळणारा बुरूज सावरणं, सुटलेला दगड त्याच्याच जागी बसवणं, माथ्यावरचं पाणी काढणं, हे व्हायलाच पाहिजे आणि वेगाने व्हायला पाहिजे, त्यात माझं तुमच्याशी शंभर टक्के जमतं. पडलेले दगड बुरुजाच्या पायथ्याशीच असतात बऱ्याचदा, त्यांच्यावर खुणा करून, जुने फोटो बघून ते परत जागेवर नेता येतात. म्हणून पायथ्याचे दगड कोणी हलवू नयेत, चूल मांडायला नाही, पायवाट करायला नाही आणि श्रमदानात "साफ" करायला तर नाहीच.

चार दरवाज्याचं वेगळं आहे. तो पावसाने किंवा दुर्लक्षाने पडलेला नाही. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी, म्हणजे गड राखणाऱ्या शिबंदीने, इंग्रजांविरुद्ध उठाव केला, त्यांच्या कर्नल ओव्हान्सला पन्हाळ्यावर पकडून ठेवलं, आणि गड परत घेतल्यावर इंग्रजांनी दरवाजा पाडला. गडाचं तोंड फोडून ठेवायचं म्हणजे पुन्हा कोणी आत बसून लढणार नाही. ती मोकळी जागा त्या उठावाची निशाणी आहे. मोजून काढलेले नकाशे नसताना तिथे आज दरवाजा बांधला तर तो आपल्या कल्पनेतला असेल, आणि पन्नास वर्षांनी कोणालाही कळणार नाही की मूळचं कुठलं आणि आपलं कुठलं. शिवाय १८४४ पुसलं जाईल. ज्या गडकऱ्यांनी महाराजांनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी हत्यार उचललं त्यांची तेवढीच तर खूण आहे तिथे. डोळ्यांनी दिसायला पाहिजे म्हणता ते मला मान्य आहे, मग चित्र लावा, लहान प्रतिकृती करून ठेवा, मोबाईलवर दाखवा, दगडावर नको.

राजस्थानशी तुलना करताना एक लक्षात घ्या की तिथले बरेच गड राजघराण्यांच्या राहत्या वापरात होते. वापरातली इमारत टिकते कारण गळती लागली की त्याच दिवशी कोणीतरी ओरडतं. आपले बहुतेक गड इंग्रजांनी १८१८ च्या आसपास मुद्दाम निकामी केले, वाटा फोडल्या. तिथून दोनशे वर्षांचं दुर्लक्ष मोजायचंय आपल्याला.

पायवाट_आणि_पाऊस

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सिमेंटचा बेत रद्द, ग्रुपवर चुना सुरखींची पूर्ण पोस्ट टाकली आणि ज्याने गोण्या मिळवल्या होत्या त्यानेच आधी होकार दिला. फळा ताई, दारात उभं राहून सांगण्याची कल्पना सगळ्यांना आवडली, दोघीजणी तर आत्ताच माहिती लिहून काढायला बसल्यात.

आता विचारायचं एवढंच की परवानगीच्या पत्रात नक्की काय लिहायचं? आणि माहिती सांगण्याशिवाय अजून काही आमच्यासारख्या अडाणी पण दोन हात असलेल्या लोकांना करता येईल का, ज्याने वास्तूला काहीच धोका नाही?

चुना_सुरखी

पत्र पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला, अधीक्षकांच्या नावे, आणि एक प्रत गडावर जे कर्मचारी असतात त्यांच्या हातात द्या, रोजचा संबंध त्यांच्याशीच येणार आहे. तारीख, माणसं किती, वेळ काय, कुठल्या वास्तूच्या परिसरात, काय करणार आणि काय करणार नाही हे स्पष्ट लिहा. "फक्त प्लॅस्टिक आणि कचरा हाताने वेचणे, कोणतेही हत्यार नाही, झाडोरा काढणार नाही, दगड हलवणार नाही, खड्डा खणणार नाही" असं एक वाक्य असलं की वाचणाऱ्यालाही हायसं वाटतं. कचरा गोळा करून खाली कुठे नेणार तेही लिहा, नगरपरिषदेशी आधी बोलून ठेवा. ड्रोनबिन आणणार असाल तर त्याची परवानगी वेगळी, माझा सल्ला आणूच नका.

दोन हातांचं विचारलंत तर एक काम आहे जे कोणीच करत नाही आणि त्याने आम्हा लोकांना फार मदत होते. फोटो. अंबरखान्याच्या तिन्ही कोठ्यांच्या चारही बाजू, ठरलेल्या जागेवर उभं राहून, ठरलेल्या उंचीवरून, वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात. भेगेपाशी मोजपट्टी धरून, पण टेकवायची नाही. प्रत्येक फोटोला तारीख आणि जागेचा नंबर. पाच वर्षं हे झालं की भेग वाढतेय का, ओलीचा डाग सरकतोय का, कुठलं रोप नवीन आलं हे डोळ्यांसमोर मांडता येतं. "भिंत खराब झालीय" म्हणून पत्र लिहिलं तर फाईल फिरत राहते, "ह्या कोपऱ्यातली भेग दोन पावसाळ्यांत इतकी वाढली, हे फोटो" असं लिहिलं तर अभियंत्याला थेट तिथे जाऊन बघता येतं. एक संध्याकाळ बसून तुम्ही जागा ठरवून घ्या, मी फोटोंच्या जागांचा साधा आराखडा काढून देतो.

फळा_आणि_खडू

ह्या फोटोंच्या कामात आमच्या शाळेला पण घ्या. ऑक्टोबरची बाजू मुलं करतील, मोजपट्टी न टेकवता धरायला त्यांना आधी वर्गाच्या भिंतीवर शिकवून ठेवते.

पन्हाळकर_पोरगं

मे महिन्यातलं आमी गडावरची पोरं करतो, आमाला तर घरापास्नं चालत जायचं हाय. पायवाट दादा, आई-बाबांना घेऊन याल तवा आदल्या दिवशी इथं कळवा, अंबरखान्यापास्नं बरोबर येतो. बाबांना यमुना कोठी आणि राजदिंडी मी दाखवतो, राजदिंडीला उतरायला नको, वरनंच दाखवतो. आणि तुमच्या त्या दोघीजणी माहिती लिहितायत त्यांना सांगा, १६७३ ला कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसं घेऊन गड परत घेतला ते पण घाला, आमच्या गडावरच्या लहान पोरांना वेढ्यापेक्षा तीच गोष्ट जास्त आवडते.